घोंगडी आणि किल्ट

पाऊस सुरू झाला की पुण्याहून माणगावकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, ताम्हिणीच्या परिसरात, माणसांची जत्रा भरू लागते. हा सारा प्रदेश पावसाचे माहेरघर आहे. २०२४ च्या जुलै महिन्यात तेथे एकाच दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. देशावरच्या अनेक तालुक्यांना तेवढा पाऊस वर्षभरातही मिळत नाही. धबधबे पाहावयास येणाऱ्या या गर्दीत अलीकडे एका नव्या वर्गाची भर पडली आहे. विवाहापूर्वी छायाचित्रे काढून घेणारी ही जोडपी असतात. वधू शिवलेल्या नऊवारीत, वर तयार बांधून मिळणाऱ्या फेट्यात, आणि मागे धुक्यात बुडालेला सह्याद्री, अशी ती चित्रे असतात. त्यांवर नाक मुरडण्याचे कारण नाही. हौसेला मोल नसते, आणि लग्न ठरलेल्या माणसांना चार दिवस सजावेसे वाटले तर त्यात संस्कृतीचा ऱ्हास शोधणे हे वाकड्या दृष्टीचे लक्षण होय.

तथापि या चित्रांत एक गंमत आहे आणि ती ध्यानात घेण्यासारखी आहे. परंपरेचे म्हणून जे वस्त्र या घाटात मिरविले जाते त्याचा या घाटाशी फारसा संबंध नाही. ताम्हिणीच्या पावसात माणूस पिढ्यानपिढ्या तगला तो जरीच्या काठावर नव्हे, तर घोंगडीवर आणि इरल्यावर. बांबूच्या सांगाड्यात पाने दाबून केलेले इरले पाठीवर घेऊन येथील बाया भाताची लावणी करीत, आणि घोंगडीची खोळ डोक्यावरून ओढून गुराखी दिवसभर डोंगरात उभा राही. दख्खनी मेंढीची जाड, राठ लोकर हाताने कातायची, सणगराने ती खड्डामागावर विणायची आणि चिंचोक्याची खळ लावून ताठ करायची, की पाण्याला सहजासहजी दाद न देणारे ते वस्त्र तयार होई. दिवसा ते अंगरखा, रात्री अंथरूण नि पांघरूण, बाजाराच्या दिवशी धान्य बांधण्याचे पोते, आणि चार माणसे घरी आली तर बसावयाची बैठक. तिला कोणी संस्कृती म्हटले नाही, कारण ती सर्वांच्या अंगावर होती. गळणाऱ्या छपराखाली मात्र तिचे मोल सर्वांना ठाऊक होते.

हेच वस्त्र, थोड्या फरकाने, जगाच्या दुसऱ्या टोकाला होते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलुखात, जेथे पाऊस आणि धुके वर्षभर पाठ सोडीत नाहीत, तेथला गुराखी एक लांबलचक लोकरी कांबळे कमरेभोवती चुण्या घालून पट्ट्याने आवळी आणि उरलेला भाग खांद्यावर टाकी. रात्री पट्टा सोडला की तेच त्याचे पांघरूण. ज्या किल्टचे आज जगभर कौतुक होते, तो चुण्यांचा गुडघ्यापर्यंतचा पुरुषी घागरा, म्हणजे या कांबळ्याचा खालचा अर्धा भाग होय. आणि तो अर्धा करण्याची युक्ती कोणाची? प्रचलित वृत्तान्तानुसार ती थॉमस रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज कारखानदाराची. १७२७ च्या सुमारास त्याने ग्लेनगॅरी येथील जहागीरदाराकडून जंगल खंडाने घेऊन लोखंडाची भट्टी घातली. भट्टीसमोर राबणाऱ्या मजुरांना ते अवजड कांबळे अडचणीचे होते, म्हणून त्याने वरचा भाग कापून टाकून खालच्या चुण्या शिवून घेतल्या. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी परंपरांच्या निर्मितीवरील १९८३ च्या प्रसिद्ध निबंधसंग्रहात हा वृत्तान्त मोठ्या खुमासदारपणे मांडला, तेव्हा अनेक स्कॉटिश अभिमान्यांना तो झोंबला. आद्य श्रेय कोणाचे याविषयी वाद चालू आहे आणि तो चालू राहो. कामकऱ्याच्या सोयीसाठी कपडा बदलला, एवढे त्यातून निघते, आणि त्यात शरमेचे काही नाही. जिवंत वस्त्र बदलतेच.

पुढची कथा अधिक बोधप्रद आहे. १७४५ चे बंड चिरडल्यानंतर इंग्रज सरकारने कायदा करून डोंगरी पोशाखावर बंदी घातली. १७४७ पासून तो अमलात आला. पहिल्या अपराधाला सहा महिने कैद आणि दुसऱ्याला सात वर्षे काळे पाणी! सैन्यातील डोंगरी पलटणींना मात्र सूट होती. म्हणजे स्वतःसाठी घातला तर गुन्हा आणि राजासाठी मरताना घातला तर गणवेष. १७८२ मध्ये बंदी उठली तेव्हा साध्या लोकांना पाटलोणीची सवय होऊन गेली होती. गुराख्याने किल्ट टाकला आणि नेमका त्याच सुमारास सरदार-दरकदारांनी, वकिलांनी आणि एडिंबरोच्या सुखवस्तू मंडळींनी तो उचलला. १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोस आला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट याने समारंभाची सूत्रे हाती घेऊन साऱ्या नगरीला चौकटीच्या कापडात गुंडाळले. स्थूलदेही राजा स्वतः किल्ट घालून, खाली कातडीच्या रंगाचे तंग मोजे चढवून दरबारात उभा राहिला. बॅनकबर्नचे कापड-कारखानदार कोणत्या घराण्याची चौकट कोणती हे त्याआधीच ठरवून मोकळे झाले होते, कारण मागणी मोठी होती आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला रित्या हाताने परत पाठविणे व्यापाराला मानवत नाही.

या सर्व हौशी मंडळींत एक गृहस्थ विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अलॅस्टर मॅक्डोनेल हा त्याच ग्लेनगॅरीचा जहागीरदार, ज्याच्या पूर्वजाने रॉलिन्सनला जंगल दिले होते. हा गृहस्थ आपादमस्तक डोंगरी वेषात, सशस्त्र अनुचरांचा लवाजमा घेऊन हिंडे. १८१५ मध्ये त्याने ‘खऱ्या डोंगरी लोकांची’ एक सभा स्थापन केली आणि इतर कोण कोण खोटे, याचा निवाडा तो वर्तमानपत्रांतून करू लागला. एडिंबरोतील एका मंडळाचे लोक डोंगरी नसताना तो वेष घालतात, याचा त्याला कोण संताप! आणि याच काळात त्याच्या स्वतःच्या जहागिरीत काय चालले होते? मेंढपाळीच्या मोठ्या मक्त्यांतून अधिक खंड मिळतो म्हणून कुळे हुसकून लावली जात होती. पिढ्यानपिढ्या ज्यांनी ते कांबळे पांघरले ते लोक जहाजात बसून कॅनडाला जात होते, आणि त्यांचा धनी त्यांच्या वेषाच्या शुद्धतेचे रक्षण करीत होता. १८२८ मध्ये तो मेला. त्याच्यामागे कर्जात बुडालेली ती जहागीर विकली गेली.

हौस आणि वेड यांच्यातील सीमारेषा कोठे आखावी असा प्रश्न पडला तर मॅक्डोनेलकडे पाहावे. कपड्यावर किती खर्च केला वा तो वर्षातून किती दिवस घातला, यावरून ती ठरत नाही. एखाद्याने रोज किल्ट घालून कचेरीत जावे, एखादीने आयुष्यभर नऊवारीच नेसावी, त्यात इतरांनी बोलण्यासारखे काही नाही. वेड सुरू होते ते दुसऱ्याच्या अंगावरचे कापड मोजण्याची इच्छा होते तेव्हा. आणि त्या मोजमापात मन इतके रमते की ज्याच्या अंगावरून ते वस्त्र आले तो माणूस दृष्टीआड होतो.

महाराष्ट्राला हा प्रकार परका नाही. व्हिक्टोरिया राणीने १८५२ मध्ये स्कॉटलंडमधील बालमोरल घेतले, आपल्या मुलांना किल्ट चढविला, आणि डोंगरी वेष हा राजघराण्याचा सुटीतील पोशाख झाला. त्याच राणीचा तिसरा मुलगा, ड्यूक ऑफ कॅनॉट, पुढे मुंबई इलाख्याच्या सैन्याचा सेनापती म्हणून आला. १८८८ मध्ये पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी त्याच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. निमंत्रितांत जोतीराव फुले होते. शालजोड्या, जरीच्या पगड्या आणि हिऱ्यामोत्यांचे अलंकार यांनी सजलेल्या त्या सभेत फुले शेतकऱ्याच्या वेषात, खांद्यावर घोंगडी टाकून गेले. दारावरच्या पहारेकऱ्यांनी त्यांना अडविले असे चरित्रकार सांगतात, यात नवल नाही. आत गेल्यावर त्यांनी राजपुत्राला सुनावले की येथे जमलेली ही झगमगीत मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी प्रजा खेड्यांत आहे, ती अशा कपड्यांत आहे, आणि तिच्या शिक्षणाची काळजी राणीने वाहावी. शेतकऱ्याचा वेष फुल्यांनीही त्या दिवशी मुद्दाम धारण केला होता हे खरे. परंतु त्या वेषामागे शेतकऱ्याचे गाऱ्हाणे होते आणि ते दारातून आत नेण्यासाठीच घोंगडी खांद्यावर आली होती. बालमोरलच्या किल्टमागे असे काही नव्हते.

आजच्या महाराष्ट्रात पारंपरिक वेषाची जी लाट आली आहे तिच्याकडे या अंगाने पाहिले पाहिजे. १९९९ साली डोंबिवलीत गुढीपाडव्याची शोभायात्रा निघाली आणि पाहता पाहता तो प्रघात राज्यभर पसरला. नऊवारी आणि फेटा परिधान करून मोटारसायकलींवरून निघणाऱ्या तरुणी, ढोलताशांची पथके, शिवजयंतीला आणि रायगडावरील राज्याभिषेकदिनाला मावळ्यांच्या वेषात येणारे तरुण, हे आता नित्याचे दृश्य झाले आहे. त्यात उत्साह आहे, रस्त्यावर निर्भयपणे उतरलेल्या स्त्रिया आहेत, आणि चार कारागिरांच्या हाताला काम आहे. नऊवारी शिवून मिळते म्हणून जुन्या मंडळींनी हळहळण्याचेही कारण नाही. शिवलेल्या चुण्यांनी किल्ट बुडाला नाही, शिवलेल्या कासोट्याने नऊवारीही बुडणार नाही. योगायोग असा की चांगल्या किल्टला आठ वार कापड लागते. एका वाराने आपण पुढे आहोत, एवढ्यावर अभिमान्यांनी समाधान मानावे.

परंतु ज्या मावळ्याचा वेष भाड्याने मिळतो त्या मावळ्याचे काय झाले, हा प्रश्न ताम्हिणीच्या रस्त्यावर तरी टाळता येणार नाही. हा रस्ता मुळशीच्या जलाशयाच्या काठाकाठाने जातो. त्या पाण्याखाली मुळशी पेट्यातील मावळ्यांची शेते आहेत. टाटांच्या वीज-योजनेसाठी येथे धरण बांधण्याचे ठरले आणि पन्नासएक गावांवर गदा आली, तेव्हा १९२१ च्या रामनवमीला या लोकांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पुढे सेनापती म्हणून ओळखले गेलेले पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी होते. स्त्रियाही तुरुंगात गेल्या. लढा मोडला, धरण झाले, पाणी भिऱ्याला उतरले आणि वीज मुंबईस गेली. त्या वेळी पुण्या-मुंबईत शिवरायांचा आणि त्यांच्या मावळ्यांचा गौरव करणाऱ्यांची वाण नव्हती. तरीही सत्याग्रहाच्या बाजूने शेवटपर्यंत उभे राहिलेले शहरवासी थोडेच निघाले. त्यानंतरच्या शतकात या तालुक्यातील डोंगरउतारांचे व्यवहार कसे झाले, जमिनी कोणाकडून कोणाकडे गेल्या आणि तेथे कोणाची विश्रामगृहे उभी राहिली, हे मुळशीकरांना कोणी सांगावयास नको. ग्लेनगॅरी येथून फार दूर नाही.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो रास्त आहे. वेष हा अस्मितेचा आधार असतो. दडपलेल्या समाजाला तो उभे राहण्याचे बळ देतो. स्कॉटिश डोंगरी लोकांचा वेष कायद्याने काढून घेतला, तेव्हा तो घालणे हे धैर्यच होते. २०१८ मध्ये पुण्याच्या एका सभेत शरद पवारांनी पुणेरी पगडीऐवजी फुल्यांचे पागोटे घालण्याचा आग्रह धरला तेव्हा जो गदारोळ उठला, त्यावरून डोक्यावरच्या कापडाला एवढे वजन कसे येते हे दिसून आले. एकाच शहरातील दोन शिरोभूषणे दोन इतिहास सांगतात. एकाला २००९ मध्ये भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली, दुसऱ्याला रस्त्यावरील लोकांनी मान्यता दिली. कोणी कोणते घालावे हा ज्याच्या-त्याच्या निष्ठेचा प्रश्न आहे. परंतु वस्त्राचा इतिहास सांगावयाचाच तर तो अर्धा सांगू नये. पोशाखाने माणसाला उभे केले तसे त्याने माणसाला खाली बसविलेही आहे, आणि याचा सर्वांत स्पष्ट दाखला ताम्हिणीचा घाट उतरून माणगाववरून पुढे गेले की थोड्याच अंतरावर आहे.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला भरलेल्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मनुस्मृतीचे दहन घडविले, हे सर्वज्ञात आहे. त्याच वेळी अस्पृश्य स्त्रियांसमोर त्यांनी जे भाषण केले त्याची आठवण कमी काढली जाते. तुमचे लुगडे नेसण्याची रीत, गुडघ्याच्या वर खोचलेला तो काठ, हातापायांत भरलेले ते कथलाचे आणि चांदीचे जड दागिने, हीच तुम्हाला लांबून ओळखण्याची खूण आहे. ती टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या स्त्रिया घोट्यापर्यंत लुगडे नेसून आल्या. ते कसे नेसावे हे दाखविण्यास लक्ष्मीबाई टिपणीस आणि इंदिराबाई चित्रे या सवर्ण स्त्रिया पुढे झाल्या. ज्यांनी ती रीत सोडली त्यांनीही परंपराच सोडली होती, आणि ती शेकडो वर्षांची होती. आपल्या पूर्वजांच्या वेषाविषयी त्यांना अनादर होता असे म्हणण्याचे धाडस कोण करील? आज जी नऊवारी ‘महाराष्ट्राच्या स्त्रीचा वेष’ म्हणून एकवचनात गौरविली जाते ती कधीच एकवचनी नव्हती. तिच्या काठाच्या उंचीवरून जात वाचता येत असे.

म्हणूनच देवळांच्या दारांवर अलीकडे लागू लागलेल्या पाट्यांकडे केवळ शिष्टाचाराचा प्रश्न म्हणून पाहता येत नाही. मे २०२३ मध्ये तुळजापूरला तोकड्या वस्त्रांतील भाविकांना प्रवेश नाही असा फलक लागला आणि गहजब होताच तो त्याच दिवशी उतरविण्यात आला. त्याच सुमारास नागपुरात काही देवळांनी वस्त्रसंहिता जाहीर केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या सिद्धिविनायक न्यासाने असाच नियम काढला. देवळाची म्हणून काही मर्यादा असावी हे मान्य करण्यास अडचण नाही. विश्वस्तांना आवारात काही शिस्त हवीशी वाटली तर ते समजण्यासारखे आहे. पण या मर्यादेला परंपरेचा आधार दिला जातो तेव्हा हसू येते. उघड्या अंगाने, गुडघ्यावर धोतर खोचून, चिखलाच्या पायांनी देवीसमोर उभा राहणारा शेतकरी कोणत्या संहितेत बसत होता? भुत्ये, पोतराज, वाघ्ये यांच्या वेषांची लांबी कोणी मोजली होती? ताम्हिणीच्या विंझाईला लावणी आटोपून येणारी बाई लुगडे सोडून खाली ओढण्यासाठी कधी दारात थांबली असेल असे वाटत नाही. स्कॉटलंडहून एखादा पाहुणा आपल्या परंपरेचा पूर्ण पोशाख करून, उघड्या गुडघ्यांनी दर्शनाला आला, तर दारावरच्या माणसाने त्याला पारंपरिक म्हणून आत घ्यावे की तोकडा म्हणून बाहेर ठेवावे, याचाही खुलासा या नियमावल्यांनी केलेला बरा.

विनोद सोडला तरी यातील गंभीर भाग उरतोच. अशा नियमांचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. पुरुषाची विजार आणि सदरा हा परका पोशाख, परंतु तो कोणालाही खटकत नाही. परंपरेचे ओझे वाहण्यासाठी नेमणूक होते ती बहुतेक वेळा स्त्रीची. २०१६ च्या एप्रिलमध्ये कोल्हापूरच्या अंबाबाईच्या गाभाऱ्यात जाऊ पाहणाऱ्या स्त्रियांना मारहाण झाली, तेव्हाच्या वादात प्रवेशाच्या हक्काइतकीच चर्चा साडी नेसली होती की नाही याची झाली. शोभायात्रेतील नऊवारी स्वखुशीने नेसली जाते म्हणून ती शोभते. तीच कार्यालयात, महाविद्यालयात वा देवळात ‘त्या दिवशी तरी’ नेसलीच पाहिजे असा आग्रह सुरू झाला, आणि न नेसणारीच्या मराठीपणाविषयी भुवया उंचावल्या गेल्या, तर तिचे सौंदर्य तेथेच संपते. ब्रिटिश सैन्यातही १८०९ मध्ये सहा डोंगरी पलटणींचा किल्ट काढून घ्यावा लागला होता. डोंगरात पुरेसे रंगरूट उरले नव्हते आणि सखल प्रदेशातील तरुण तो वेष घालण्यास राजी नव्हते! एवढ्या शिस्तीच्या सैन्यालाही वेषाची सक्ती कोठे सोडावी हे उमगले.

राहिला प्रश्न घोंगडीचा. ती कोणी कोणावर लादलेली नाही. तिच्यासाठी मिरवणूक निघत नाही. इरल्याची जागा केव्हाच प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली. ते स्वस्त आहे आणि हलके आहे, आणि भातखाचरात वाकून काम करणाऱ्या बाईला परंपरेसाठी भिजत राहा असे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही. घोंगडी मात्र केवळ सोयीच्या अभावी मागे पडलेली नाही. मुळशीच्या माथ्यावर राहणाऱ्या गवळी-धनगरांना ती आजही हवी असते. पण कातणाऱ्या हातांना मजुरी परवडत नाही आणि सणगरांची मुले मागावर बसत नाहीत. कोल्हापुराकडे पट्टणकोडोलीसारख्या ठिकाणी काही माग चालू आहेत, काही संस्था दख्खनी लोकरीसाठी धडपडत आहेत. परंतु सरकारच्या वारसा-योजनांत आणि शहरी अभिमान्यांच्या यादीत फेटा जेथे असतो तेथे घोंगडीचे नाव सहसा नसते. ती राठ आहे, तिला मेंढीचा वास येतो, आणि छायाचित्रात ती उठून दिसत नाही.

मेंढी वर्षातून दोनदा कातरावीच लागते, लोकरीला भाव असो वा नसो. पूर्वी कातरणारा लोकरीच्या वाट्यावर काम करी. आता अनेक ठिकाणी मेंढपाळ कातरणीची मजुरी पदरची देतो, आणि निघालेली लोकर तेथेच रानात टाकून कळप पुढच्या मुक्कामाला हाकतो.